दोन नंबरच्या भट्टीची काच

तपासनीस बाई पोहोचल्या तेव्हा काच खराब येते म्हणून दोन नंबरची भट्टी विझवून सहा तास झाले होते. आतली काच थिजली, विटांना तडे गेले. आता ती पुन्हा पेटणार नव्हती.

"निष्कर्ष तेवढा कागदावर हवाय," व्यवस्थापक म्हणाला. "या भट्टीच्या मिस्त्रीने चांगली वाळू विकली, हलकी घातली."

"मला बोलावलंत कशाला मग, सही करायला?"

बाईंनी नोंदवही उघडली. एक नंबरच्या काचेतून रोज शंभरातले एक्क्याण्णव भाग उजेड पार जात होता. दोन नंबरचा आकडा खालीवर. कपाटात ठेवलेल्या नमुन्याच्या एकाच तुकड्याचे तर तीन आकडे: नव्वद, अठ्ठ्याऐंशी, शहाऐंशी.

"हलक्या वाळूची काच पहिल्यापासूनच हलकी," बाई म्हणाल्या. "कपाटात बसल्या बसल्या ती बिघडत नाही. मोजतं कोण?"

"मी." मिस्त्रीची धाकटी बहीण चहा पीत होती. वाफ थेट तिच्या चष्म्यावर जात होती, काचा मात्र लखलखीत. बाईंचा चष्मा त्यांच्या चहाच्या वाफेने केव्हाच धुरकटला होता.

"तुकडे कशाने पुसतेस?"

"स्पिरिटने."

"आणि दादाच्या भट्टीचे?"

ती अडखळली. "वरून आणखी एक हात मारते. आकडा कमी आला की परत पुसते. आकडा मात्र येईल तोच लिहिते, बाई. भावासाठी फुगवला असं कुणी म्हणायला नको."

बाईंनी दोन्ही भट्ट्यांचे तुकडे घेऊन तोंडाची वाफ सोडली. एक नंबरचा पांढरा झाला. दोन नंबरचा ढिम्म.

"चष्म्यावर वाफ धरू नये म्हणून औषध लावलेलं फडकं मिळतं. तुझ्या खिशात आहे ते. त्यानेच वरचा हात मारतेस. औषध काचेवर राहतं, थरावर थर चढतो, उजेड अडतो. जितका जीव लावून पुसलंस, तितका आकडा पडला."

त्यांनी तोच तुकडा स्पिरिटने तीनदा पुसून यंत्रात ठेवला. एक्क्याण्णव.

मिस्त्री दारात उभा होता. सगळं ऐकून झालं होतं त्याचं.

"दादा..." बहीण उठून उभी राहिली.

"भट्टी पेटेल?" त्याने व्यवस्थापकाला विचारलं.

"नाही."

"मग वाळू मीच विकली असं लिहा, बाई. हिची नोकरी तरी राहील."

"राहते कुठे?" व्यवस्थापक म्हणाला. "उरलेल्या एका भट्टीचे तुकडे मोजायला वेगळं माणूस कोण ठेवतंय?"

मिस्त्री बाईंकडे वळला.

"मग खरं तेच लिहा," तो म्हणाला.