दुपारवाल्याची स्क्रीन

दोन वाजून गेले होते, तिची पाळी संपली होती, तरी ती खुर्ची सोडायला तयार नव्हती.

मामाच्या स्टुडिओत कॉम्प्युटर एकच. दुपारपर्यंत तो तिचा, मग माहितीपटांचे आवाज जुळवणाऱ्या एका भाडेकरूचा. त्याला तिने कधी पाहिलं नव्हतं. घरात सगळे त्याला नुसतं दुपारवाला म्हणत. शनिवारी तिला एका बालनाट्याचं संगीत द्यायचं होतं. तिचं पहिलं स्वतंत्र काम! आणि आवाजाला घुमारा देणारा प्लगइन, म्हणजे मुख्य प्रोग्रामला जोडलेला छोटा प्रोग्राम, उघडला की त्याची विंडोच दिसायची नाही. आवाजात फरक पडायचा, म्हणजे प्लगइन चालू होता. पण विंडोच नाही तर बटणं फिरवणार कुठे? "नसेल जमत तर मी करतो," असं मामा सकाळी म्हणाला होता, तेव्हापासून ती त्या विंडोच्या हात धुऊन मागे लागली होती.

दार उघडलं. काखेत चादरीत गुंडाळलेली स्क्रीन घेऊन एक उंच तरुण उभा होता.

"ही खुर्ची... आता माझी असते," तो हळूच म्हणाला.

"असेल. विंडो सापडल्याशिवाय मी उठणार नाही."

"मग मी उभ्याने काम करतो. पण माझी स्क्रीन तरी लावू द्या."

त्याने स्टुडिओतल्या स्क्रीनशेजारी आपली ठेवली आणि वाकून वायर जोडली. त्याची स्क्रीन उजळली आणि सकाळपासून तिने उघडलेल्या सगळ्या विंडो तिथे एकमेकींवर रेलून बसलेल्या दिसल्या. काखेत कळसा म्हणतात, पण तो दुसऱ्याच्याच काखेत असेल तर माणसाने करायचं काय?

तो कानापर्यंत लाल झाला. "मी विंडो इकडे पसरतो आणि संध्याकाळी स्क्रीन घरी नेतो. कॉम्प्युटरला वाटतं, ती अजून इथेच आहे..."

"म्हणजे माझ्या विंडो रोज तुमच्या घरी जात होत्या?"

"आईला विचारायला हवं, कोण कोण येऊन गेलं ते."

तिला रागवायचं होतं, पण हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच हजर. "चूक माझी आहे. तुमचं काम होईपर्यंत स्क्रीन घेऊन येतो मी." मग तो रोजच येऊ लागला. एकच हेडफोन दोघांत फिरायचा, देता-घेता बोटांना बोटं लागायची – आणि दोघंही घाईघाईने समोर बघायची.

"हे कासव इतक्या घाईत कुठे निघालंय?" नाटकातल्या कासवाच्या गाण्यावर त्याने विचारलं. तिने चाल संथ केली. त्याचं बरोबर होतं, याचा तिला राग आला, आणि त्याच क्षणी तो तिला फार आवडला.

शनिवारी मामाने सगळं डोळे मिटून ऐकलं. "मला नसतं जमलं," म्हणाला आणि नाटकवाल्यांना फोन करायला बाहेर गेला. ती खूश होतीच. पण तो स्क्रीन चादरीत गुंडाळत होता. सोमवारपासून तो पुन्हा दुपारीच येणार.

"एक सांगायचं राहिलं," तो खाली बघत म्हणाला. "सगळ्या विंडो मुख्य स्क्रीनवर आणायची सोय मेनूत आहे. एका क्लिकचं काम. मला... पहिल्याच दिवशी माहीत होतं."

"मला दुसऱ्या दिवशी सापडली ती."

"मग वापरली का नाही?"

थट्टेवारी नेणं सोपं होतं. पण हातात घेतलेलं काम अर्धवट सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"तू यायचा थांबला असतास म्हणून. मला तू आवडतोस. आणि हे सांगितल्याशिवाय मी आज घरी जाणार नव्हते."

चादरीची गाठ त्याच्या हातात तशीच राहिली.

"सोमवारी... सकाळी येऊ?"

"ये. पण स्क्रीन राहू दे घरी. सारखा तिच्याकडे बघत बसतोस."

"स्क्रीनकडे मी कधी बघत होतो?" तो म्हणाला.

हे मात्र तिला खरंच माहीत नव्हतं.