नसीमाचा आटवलेला निरोप

इलासमोरच्या पडद्यावर दोन गोष्टी होत्या आणि त्यांचा एकमेकींशी मेळ बसत नव्हता. डावीकडे सत्तावीस दिवसांचे अहवाल होते, प्रत्येकाखाली ‘सर्व ठीक’ असं लिहिलेलं. उजवीकडे देवगडजवळच्या समुद्रातली प्रवाळबाग होती. ती मिठासारखी पांढरी पडली होती.

“आजोबा, सगळं ठीक होतं तर ही मेली कशी?”

आजोबांनी, म्हणजे डॉ. यशवंत खांबेटे यांनी, बागेचं चित्र मोठं केलं. २०४१ सालचा मे महिना होता आणि इला सुट्टीसाठी नाशिकला त्यांच्याकडे आली होती. सहा वर्षं ते याच खोलीत बसून ती बाग सांभाळत होते. त्यांच्या गटातले चौघं चार गावांत राहत. कोणी कोणाला प्रत्यक्ष भेटलेलं नव्हतं.

“प्रवाळ हे चिमुकले प्राणी,” ते म्हणाले. “त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. तेच त्यांना रंग देतं आणि अन्नही. पाणी फार तापलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतात. मग पांढरे पडतात आणि उपाशी मरतात. पाणी तापल्याचं दिसलं असतं तर आपण प्रवाळ लावलेल्या चौकटी दोरांनी खाली, थंड पाण्यात उतरवल्या असत्या. एका आदेशाचं काम होतं. पण अहवालात तापमान रोज ठीक दिसत होतं.”

“अहवाल कोण लिहितं?”

“निरोप्या. माझाच संगणकीय कार्यक्रम. चौघांच्या चार भाषा, दिवसाला साठ निरोप. एवढं वाचणार कोण? निरोप्या भाषांतर करतो आणि त्यांचं संक्षेपण (माहिती आटवून लहान करणं) करतो.”

“मग मूळ निरोप कुठे जातात?”

“साठवलेले असतात. कोणी उघडत नाही.”

इलाने ते उघडले. कॅमेऱ्यांवर लक्ष ठेवणारी नसीमा मुकादम देवगडहून लिहायची. गटात ती सगळ्यांत नवीन होती. नवव्या दिवशीचा तिचा निरोप इलाने मोठ्याने वाचला.

“‘सर, चार दिवस तापमानाचा आकडा २८.९ वर स्थिर आहे. समुद्राचं पाणी इतकं स्थिर राहत नाही, असं मला वाटतं. कदाचित तापमापक अडकला असेल. कदाचित माझीच चूक असेल, मी नवीन आहे. पण प्रवाळांचा रंगही थोडा उतरल्यासारखा दिसतोय. कोणी एकदा पाहाल का?’”

मग तिने निरोप्याची ओळ वाचली. “‘तापमान २८.९, स्थिर. रंगात किंचित फरक. सर्व ठीक.’”

नसीमाच्या निरोपात ‘स्थिर’ हा शब्द घाबरून लिहिलेला होता. निरोप्याच्या ओळीत तोच शब्द दिलासा देत होता.

“पुढे काय केलंत तुम्ही?”

“ती ओळ वाचून अंगठ्याचं चिन्ह पाठवलं,” आजोबा म्हणाले. “मला म्हणायचं होतं, छान, चालू दे. तिला वाटलं असेल, सरांनी वाचलंय, आता ते बघतील.”

पाच दिवसांनी नसीमाने पुन्हा लिहिलं होतं. पुन्हा अंगठा गेला होता. त्यानंतर तिच्या निरोपांत फक्त आकडे होते.

“निरोप्याने खोटं सांगितलं?” इलाने विचारलं.

“नाही. चादरीची घडी घातली तर ती जागा कमी घेते, पण उलगडली की पूर्ण चादर मिळते. काही संक्षेपण तसं असतं. उसाचा रस आटवून गूळ केला, तर त्या गुळाचा पुन्हा रस होत नाही. दुसरं संक्षेपण तसं. त्यात काय जाऊ द्यायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि ते मी ठरवलं होतं. ‘मला वाटतं’, ‘कदाचित’, ‘पाहाल का’ हे शब्द मी फापटपसारा म्हणून गाळायला सांगितले. आपल्याला किती खात्री आहे, हे माणूस त्याच शब्दांत सांगतो. शंका हीसुद्धा माहितीच असते, इला. हे मला कळायला हवं होतं.”

त्यांनी नसीमाला फोन लावला. आठवड्यापूर्वीच तिने काम सोडलं होतं आणि जूनपासून ती एका शाळेत शिकवणार होती.

“नसीमा, तुमचा निरोप मी आज वाचला. चूक तुमची नव्हती. मला माफ करा.”

“मी फोन करायला हवा होता, सर. पण दोनदा विचारून झालं होतं. तिसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नाही. मला वाटलं, तुम्हाला माझं म्हणणं पटत नाहीये.”

“परत याल का?”

“नाही, सर. ती पांढरी बाग मला रोज बघवणार नाही.”

आजोबांनी तिला आग्रह केला नाही.

त्या आठवड्यात त्यांनी निरोप्या दुरुस्त केला. शंकेचा एकही शब्द आता गाळला जात नव्हता. अंगठाही काढून टाकला. त्याऐवजी पडताळा (आपल्याला काय समजलं ते स्वतःच्या शब्दांत परत सांगणं) आला. निरोप पाठवणारा ‘बरोबर’ म्हणेपर्यंत निरोप पोचला असं धरायचं नाही. दर सोमवारी चौघांनी एकमेकांचे चेहरे बघत बोलायचं, हेही ठरलं.

“हे आधी केलं असतं तर?” इलाने विचारलं.

“तर बाग असती,” आजोबा म्हणाले. “आणि नसीमाही.”

दिवाळीच्या सुट्टीत इला परत आली, तेव्हा समुद्रात बारा नव्या चौकटी उतरल्या होत्या. नसीमाच्या जागी पोर्ट ब्लेअरहून काम करणारी एस्थर आली होती. त्या सकाळी तिचा लांबलचक निरोप आला. आजोबांनी तो पूर्ण वाचला आणि सावकाश उत्तर टाइप केलं, ‘मला असं समजलं, की प्रवाह वाढल्यामुळे दोर सैल झालेत. बरोबर?’

उत्तर लगेच आलं. ‘नाही, सर. तसं नाही.’

आजोबांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. “बस, इला,” ते म्हणाले. “ती काय म्हणतेय ते नीट ऐकू या.”