पंखा लावू नये

कॉलेजच्या, वाळवलेली झाडं जपून ठेवायच्या खोलीत पंख्याच्या बटणाखाली मीच चिठ्ठी चिकटवली होती — 'पंखा लावू नये'. आणि तो मुलगा आला होता तोच मुळी पंखा दुरुस्त करायला. दुरुस्त केलेला पंखा माणूस लावून बघणारच, पण हे शहाणपण मला नंतर सुचलं. डिंकाची बाटली घेऊन मी परत आले तेव्हा पंखा गरागरा फिरत होता, तो खाली उभा राहून खुशीत वर बघत होता, आणि टेबलावर मी उघडाच टाकून गेलेल्या कागदावरच्या वाळक्या झाडाला फूल नव्हतं.

मी धावत जाऊन बटण बंद केलं.

"काय झालं मॅडम?" तो म्हणाला. "चांगला फिरतोय की."

मी गुडघ्यांवर बसून फरशीवर फूल शोधायला लागले. क्षणभर थांबून तोही बसला. कपाटाखाली, केरसुणीत, माझ्या ओढणीच्या घड्यांत... कुठंच नाही. एकदा टेबलाखाली आमची डोकी एकमेकांवर आपटली. तो हसला, आणि मला रडू फुटलं.

मग त्याला सगळं सांगावं लागलं. आमच्याच कॉलेजातल्या एका जुन्या प्राध्यापकांनी साताऱ्याजवळच्या पठारावरची कंदीलफुलाची एक जात शोधली, तिला शास्त्रीय नाव दिलं. पण नाव नेमकं कोणत्या नमुन्यावरून दिलं, ते लिहून ठेवलं नाही. त्यांनी वाळवलेली दोन झाडं आमच्या कपाटात होती. त्यातलं एक निवडून तसं लेखात छापलं की नाव कायमचं त्या एका झाडाशी बांधलं जातं. उद्या वाद झाला तर जगभरचे लोक त्याच झाडाकडे बघणार. निवड माझ्याकडे होती आणि दुसरं किडकं म्हणून मी देखणं झाड निवडलं होतं. तिथंच शेजारी हुबेहूब दिसणारी दुसरी जात उगवते, दोघींतला फरक फक्त फुलाच्या आत कळतो. म्हणजे फूल गेलं की सगळंच गेलं. माझी पीएच.डी.सुद्धा.

त्याचं नाव सिद्धनाथ, घरी सिद्धू. म्हसवडकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. पठारावर पवनचक्क्यांची देखभाल करायचा आणि सुट्टीला साताऱ्यात चुलत्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात हातभार लावायचा. वाऱ्यावरच पोट आहे म्हणाला. मी विट्याची, हॉस्टेलवर राहणारी, झुरळालासुद्धा घाबरणारी.

जाताना दारात घुटमळला. "असलं फूल आमच्या चक्कीच्या बुडाला हाय, मॅडम. आनून देऊ का? कुनाला कळतंय..."

मी इतक्या जोरात नाही म्हणाले की तो दचकला. खरं सांगू? दचकले मीही. कारण तोच विचार माझ्या मनात त्याच्या आधी येऊन गेला होता.

माझ्या गाईड रशीदा मॅडमनी दुसऱ्या दिवशी विचारलं, कागद तयार झाला का. डिंक वाळतोय, असं मी सांगितलं. पुढच्या दिवशीही डिंकच वाळत होता. त्यांच्या चपलांचा आवाज कॉरिडॉरमध्ये आला की मी डिंकाची बाटली हातात घ्यायचे. शनिवारी लेख पाठवायचा, असं त्यांनी बजावलं.

नंबर घेऊन गेलेल्या सिद्धूचा मात्र रोज फोन. सापडलं का? नाही सापडलं. मग जेवलात का? मग वर पठारावर धुकं किती दाट आहे ते... पवनचक्कीच्या पात्याचा घूंऽऽ आवाज ऐकायला तो फोन हवेत धरायचा. मी हसायचे, आणि हसता हसता कागदावरची ती रिकामी जागा आठवायची. आता तर भीती दुहेरी झाली होती. फूल खरंच सापडलं तर हा कशाला फोन करेल?

शुक्रवारी दुपारी तो स्वतःच आला. रेनकोट भिजलेला, हातात काडेपेटी. ती त्यानं माझ्यापुढे उघडून धरली. कापसावर फूल होतं. तपकिरी, चपटं, करंगळीएवढं. मी ते उचलणार, एवढ्यात माझा हात थांबला.

"हे तेच आहे?"

तो खिडकीकडे बघत राहिला. बाहेर भुरभुर पाऊस होता. त्याच्या भुवईवरून एक थेंब गालावर आला, तो त्यानं पुसलाही नाही.

"न्हाई," तो म्हणाला. "चक्कीच्या बुडाचं हाय. एकच तोडलं, झाडाला धक्का लावला न्हाई. पेपरात दाबून वाळवलं. तेच हाय म्हनून द्यायचं, असं सगळ्या वाटंनं घोकत आलोय. पन तुमी असं बघितलं... मला खोटं बोलवंना."

मला त्याचा रागच आला. बोलला असता खोटं तर माझी सुटका झाली असती!

"चिकटवायचं तर चिकटवा," तो हळूच म्हणाला. "मी कवाच कुनाला सांगनार न्हाई."

डिंक समोर होता. ब्रश समोर होता. हे फूल त्या सारख्या दिसणाऱ्या जातीचं निघालं तर? आणि नसलं, तरी त्या प्राध्यापकांनी हे कधी पाहिलंच नव्हतं. एका झाडाचं नाव कायमचं माझ्या भीतीवर टांगलेलं राहिलं असतं. मी काडेपेटी मिटली आणि मॅडमच्या केबिनकडे निघाले. मागोमाग तोही आला आणि माझ्या आधीच म्हणाला, "पंखा मी लावला, मॅडम."

"कागद उघडा मी ठेवला," मी म्हणाले.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एवढ्या वेळात माझा जीव अर्धा झाला. त्या उठल्या आणि कपाटातून दुसरा कागद काढला. पानं किडीनं खाल्लेली, देठ वाकडा... पण फूल शाबूत. "देखणं बघून निवडलंस, इथंच चुकलीस," त्या म्हणाल्या. "शनिवारचं राहू दे. आता याचा अभ्यास कर आणि लेख नव्यानं लिही. आणि त्या पहिल्या कागदावर चिठ्ठी लाव. फूल कसं गेलं ते लिही, खाली सही कर."

माझी चूक माझ्या सहीनिशी त्या कपाटात माझ्यानंतरही राहणार आहे. पण त्या रात्री मला झोप लागली.

काडेपेटीतल्या फुलासाठी मॅडमनी मला कोरा कागद दिला. जात कळेल तेव्हा कळेल, आधी नोंद कर म्हणाल्या. मी ठिकाण लिहिलं, तारीख लिहिली. 'गोळा करणारे' इथं त्याचं पूर्ण नाव लिहिलं. सिद्धू खांद्यामागून वाकून बघत होता.

"शेजारी तुमचं बी लिवा की."

"मी कुठं होते तिथं? खोटं नाही लिहायचं."

तो पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाला.

"मग खरं करू की. रविवारी तू बी चल... मला लय आवडशील तिथं. म्हंजे, हितं बी आवडतेस."

मला घाटाची भीती वाटते. मोटरसायकलची वाटते. घरी काय म्हणतील याची तर फारच वाटते. त्याच्या नावापुढं एका नावाची जागा सोडून मी पेनाला टोपण लावलं.

"हळू चालवणार असशील तर येते," मी म्हणाले.