अकलूजच्या ऑर्डरचे जास्तीचे तास

"मॅडम, मी आत्ता कुटं हाय?"

शिवानीनं मान वर केली. खिडकीच्या जाळीपलीकडे एक उंच माणूस उभा होता. कानामागे खडू, बाहीवर निळ्या कापडाचे तंतू, आणि हातातला मोबाईल त्यानं असा लांब धरला होता की जणू विंचूच पकडून आणलाय.

"माझ्या खिडकीत आहात," ती म्हणाली.

"ते मला बी दिसतंय की. पण हे बघा... हे म्हणतंय मी बार्शीत हाय."

तिला हसू आलं आणि ते लपवायला ती उगाच कीबोर्डवर वाकली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला हा शाळेच्या गणवेशांचा कारखाना. इथं प्रत्येक ऑर्डरला शाळेच्या गावाचं नाव असायचं. त्यामुळे कुणी दिवसभर बार्शीत असायचा, कुणी दुपारनंतर करमाळ्याला जायचा, आणि प्रत्यक्षात सगळे एकाच पत्र्याच्या शेडखाली घाम पुसत बसलेले असायचे.

कुणाचा वेळ कुठल्या ऑर्डरवर गेला, ते पाहणं हेच शिवानीचं काम. काम सुरू करताना प्रत्येकानं मोबाईलवर ऑर्डरचं नाव दाबायचं, बदललं की दुसरं दाबायचं. त्यावरूनच महिनाअखेरीला पगार निघायचे आणि कुठली ऑर्डर परवडली, कुठली अंगाशी आली, तेही कळायचं. कारखान्याच्या मालकीणबाई चन्नम्मा अक्का यांनी हे ॲप याच सीझनला आणलं होतं. त्याआधी सगळा कारभार अंदाजपंचे दाहोदरसे.

"तुम्ही कटिंग मास्टर ना? अभिमन्यू...?"

"व्हय. आन् मी आत्ता अकलूज कापतोय. बार्शी कालच संपली."

"मग इथं अकलूजवर दाबा. झालं."

त्यानं दाबलं. मग गेला नाही. जाळीला टेकून म्हणाला, "एवढंच हुतं व्हय? मला वाटलं अर्धा तास तरी लागंल."

खरंतर तेव्हाच तिनं सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तो परत आला, हातात गडद निळ्या कापडाचा तुकडा घेऊन. "ह्या रंगाची पँट घालून मी शाळा शिकलोय. माझीच शाळा ही. हेडमास्तरांना म्हणलं, गणवेश आमच्याकडं द्या, भाव वाढू देणार न्हाय आन् शिवण उसवणार न्हाय. माझ्या शब्दावर दिली त्यांनी ऑर्डर."

"आणि तुमची पँट उसवायची का?"

"माझी? मागनं दोन ठिगळं हुती, मॅडम. फळ्याकडं पाठ करून उभा ऱ्हायचो."

"म्हणजे अभ्यास काही झाला नाही."

"झाला की. समोर पोरी बसायच्या, त्यांच्या तोंडाचा झाला."

अकलूजचं कापड टेबलावर अंथरलं की त्याला शाळेतलं काहीतरी आठवायचं, आणि आठवलं की सांगायला तो खिडकीत यायचा. करमाळा कापताना काही आठवायचं नाही. काजं-बटणं करणाऱ्या नागव्वानं त्याला थोडं कन्नड, शिवानीच्या घरची भाषा, शिकवलं होतं, बहुतेक मुद्दामच. एकदा त्यानं येऊन अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "ऊटा आयता?"

"सकाळचे दहा वाजलेत, मास्टर. आत्ता कुठलं जेवण?"

"मग 'चहा झाला का' ला काय म्हणत्यात?"

"ते नागव्वालाच विचारा."

"तिला विचारलं तर हिकडं यायचं निमित्त संपंल की..." तो बोलून गेला आणि कानामागचा खडू चाचपायला लागला. बाहेर ऊन रणरणत होतं. आत कूलर नुसताच आवाज करत होता, गार काही करत नव्हता.

एक दिवस त्यानं मोबाईल पुढं केला. ॲपवर 'थांबा' दाबलं की कारण विचारायचं: चहा, जेवण, मशीन दुरुस्ती, वीज गेली. "तुमच्याकडं आलो की काय दाबायचं? यादीत न्हाय."

"काही दाबू नका," ती म्हणाली. "चालू राहू दे."

तासांचा हिशेब ठेवणाऱ्या बाईनं असं बोलू नये, हे तिला कळत होतं. पण तो ज्या तऱ्हेनं यादीत बोट फिरवून शोधत होता, ते बघून तोंडातून निसटलं. तो खूश होऊन गेला. तीही खूश होती... महिना संपेपर्यंत.

महिना संपला आणि अक्कांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. अक्का साठीच्या, कपाळाला विभूती, बोलणं तोलून मापून. त्यांच्यासमोर शिवानीनंच काढलेला तक्ता होता.

"बार्शी कुणी कापली?"

"मास्टरनी, अक्का."

"आन् अकलूज?"

"त्यांनीच."

"पीस तेवढेच. कापड तेच. मग अकलूजला एवढा वेळ कसा गेला गं?"

शिवानीनं तक्त्याकडे पाहिलं. वेळ कुठे गेला ते तिला ठाऊक होतं. त्या जाळीपाशी गेला होता, ठिगळांच्या गोष्टीत गेला होता. आणि ॲप मात्र बिचारं इमानदारीनं सगळं अकलूजच्या नावावर चढवत बसलं होतं.

"बघते, अक्का," ती कशीबशी म्हणाली.

"बघ. उद्या दुपारी मला अकलूजवाल्यांना पुढचा भाव द्यायचाय. एवढा खर्च असंल तर मला परवडत नाही, सोडून देऊ ती ऑर्डर. आन् त्या मास्टरचा हात जड झाला असंल तर त्याचं बी बघावं लागंल. बाहेर कटिंगवाले रांगेत हायत."

संध्याकाळी घरी अक्कलकोटला जाणाऱ्या एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली, पण तिचं बाहेर लक्षच नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. मागच्या सीटवर कारखान्यातल्या दोघी हसल्या, तिला वाटलं आपल्यालाच हसल्या. खरं सांगितलं तर? नोकरी कायम व्हायची होती अजून. आणि अप्पांची, तिच्या वडिलांची, अट होती. दुकानाच्या गल्ल्यावर बसल्या बसल्या त्यांनी तिला बजावलं होतं, नोकरी कर, पण तुझं नाव कुणाच्या तोंडी आलेलं मला चालणार नाही. नाही सांगितलं तर? तर अभिमन्यूची नोकरी, त्याची शाळा, त्यानं दिलेला शब्द, सगळं जाणार. तेही तिच्या एका वाक्यापायी.

"एन आतु?" आईनं ताट वाढताना विचारलं. काय झालं, ते आईला कुठल्या भाषेत सांगायचं हेच तिला सुचेना. डोकं दुखतंय म्हणून ती उठली.

सकाळी आल्या आल्या तिनं कॉम्प्युटर उघडला. अकलूजचे जास्तीचे तास उचलून थोडे बार्शीत, थोडे करमाळ्यात टाकले. सोपं होतं. तक्ता एकदम शहाण्यासारखा दिसायला लागला. मग तिला दिसलं, की आता करमाळ्याचा भाव वाढणार. तिथल्या कुणाच्या तरी पोराची पँट महाग होणार, आणि त्या बिचाऱ्यानं तर खिडकीत येऊन एक शब्दही बोललेला नाही. तिनं सगळे तास होते तिथं परत नेऊन ठेवले आणि उठली.

इतक्या दिवसांत ती कधी कटिंग टेबलापाशी गेली नव्हती, नेहमी तोच यायचा. ती येताना दिसली तशी आजूबाजूची मशीनं जरा हळू झाली. अभिमन्यूनं हातातलं कटर बंद केलं.

"तुमी? हितं?"

तिनं सांगितलं. खालच्या आवाजात, तुटक तुटक, मधेच थांबून. ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावरचा खट्याळपणा गेला.

"मग सोपं हाय," तो म्हणाला. "मास्टर हळू कापतो म्हणून सांगा."

"तुम्ही हळू कापत नाही."

"ते तुमाला म्हायतीय."

"आणि हेडमास्तरांना दिलेला शब्द?"

तो खडूनं कापडावर उगाच रेघ ओढत राहिला. "दुसरं कुणी शिवंल. पोरं काय उघडी ऱ्हात न्हाईत."

"मी खरं सांगणार आहे अक्कांना."

"नको. आज सांगितलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या टेबलांवर तुमचं नाव फिरंल. यष्टीत बसून अक्कलकोटला तुमच्या आधी पोचंल. ते नको. माझं काय, मी दुसरीकडं कापीन."

तिला एकदम राग आला. "माझ्या नावाचं काय करायचं ते मी बघेन की. तुम्ही कोण ठरवणारे?"

"कोण न्हाय," तो म्हणाला, आणि त्यानं कटर चालू केलं.

दुपारी अक्कांनी दोघांनाही बोलावलं. शिवानीच्या हातात तक्ता होता. अक्कांनी आधी मास्टरकडे पाहिलं.

"काय रे, अकलूजला एवढा वेळ?"

"माझाच हात जड झालाय, अक्का. उन्हाचं हुत न्हाय आता."

"उन्हाचं? अकलूज कापतानाच ऊन असतंय का?"

शिवानीला वाटलं, आता आपण गप्प बसलो तर याच्या तोंडाकडे पुन्हा कधी बघता येणार नाही.

"अक्का, मास्टर खोटं बोलतायत," ती म्हणाली. "तो वेळ कापण्याचा नाही. ते माझ्या खिडकीत असायचे. ॲप चालू राहू द्या, असं मीच सांगितलं होतं. चूक माझी आहे. अकलूजचा भाव वाढवू नका."

अक्कांनी चष्मा काढला.

"रोज?"

"जवळजवळ रोज."

"काम काय असायचं?"

"काम... काम काही नव्हतं, अक्का."

"काम हुतं," अभिमन्यू म्हणाला.

दोघीही त्याच्याकडे वळल्या. त्यानं कानामागचा खडू काढून मुठीत धरला होता. त्याच्या आवाजात आज थट्टा नव्हती. "मॅडमना एक विचारायचं हुतं. तेवढ्यासाठीच जायचो. तितं गेलो की धीर हुयाचा न्हाय, दुसरंच कायतरी बोलून परत यायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा."

शिवानीनं तक्ता छातीशी धरला. कान तापले होते, डोळ्यांत पाणी येतंय की काय असं वाटत होतं, आणि एवढ्या भीतीतही आत कुठंतरी लख्ख आनंद झाला होता. तो कसा लपवावा ते तिला कळेना.

"म्हणजे," अक्का सावकाश म्हणाल्या, "महिनाभर माझ्या पगारावर तुला एक प्रश्न विचारता आला नाही."

"व्हय, अक्का."

"हुशार हायस." त्यांनी चष्मा परत चढवला. "ऐका आता. तेवढ्या वेळाचा पगार दोघांचाही कापला जाईल, निम्मा निम्मा. शिवानी, तो वेळ अकलूजमधून काढ. आत्ता, माझ्यासमोर. भाव मागच्याच वर्षाचा जाईल. आन् पुन्हा असं काही चालू ठेवायला सांगितलंस, तर तुला कायम करायचं मी विसरून जाईन."

"होय, अक्का."

तिनं तिथंच बसून तास काढले. बोटं दोनदा चुकली. अक्कांनी आकडा पाहिला, फोन उचलला आणि दोघांकडे न बघताच म्हणाल्या, "जेवायची सुट्टी झालीय. जे काय विचारायचं ते तुमच्या वेळेत विचारा."

शेडच्या मागं कडुलिंबाची सावली होती. तिथं रोज बायका डबे घेऊन बसायच्या. आज त्या सरकून शेडच्या दारात बसल्या होत्या आणि कुणीच जेवत नव्हतं. नागव्वानं तर सरळ टक लावली होती. नाव फिरायला लागलं होतं. संध्याकाळच्या एसटीत ते चढणार, यात काही शंका नव्हती.

"माझ्यामुळं झालं हे," अभिमन्यू म्हणाला. "तुमच्या घरी..."

"घरी अप्पा आहेत. ते ओरडणार नाहीत, बोलायचेच बंद होतील. आमचं आणि तुमचं भाषेपासून कशातच जुळत नाही, आधी तेच काढतील." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "पण दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगणार आहे त्यांना. आजच."

"भ्या वाटत न्हाय?"

"लई," ती म्हणाली. हा शब्द ती कधी वापरायची नाही. तो हसला नाही.

"पण मॅडम... सांगणार काय? मी तर अजून इचारलंच न्हाय."

"उत्तर सांगणार आहे."

दारातल्या बायकांत काहीतरी खुसुखुसू झालं. शिवानी लिंबाच्या बुंध्याला टेकली.

"मग आता विचारू का नको?" त्यानं अगदी हळू म्हटलं.

"विचारा की," ती म्हणाली. "एवढा पगार कापून घेतलाय... मला ऐकायचंय."

मग त्यानं विचारलं.