नवीन माणसाला कुणी उभं करणार नाही

त्या दिवशी काउंटरवरच्या बाई रजेवर होत्या, म्हणून मला बाहेर यावं लागलं. एरवी मी छापखान्याच्या मागच्या खोलीत असते. मजकूर जुळवते, प्रूफं तपासते आणि भिंतीकडे तोंड करून डबा खाते. माणसांशी बोलणं हे माझं काम नाही, आणि मालकांनाही ते चांगलं ठाऊक आहे.

काउंटरपलीकडे एक उंच तरुण उभा होता. हातात वहीतून फाडलेला कागद. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग तो माझ्या नाकाकडे बघतच राहिला.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं. शाई लागलीय की काय...

"चष्मा वाकडा बसलाय तुमचा. डावी काडी सैल झालीय." मग तोच ओशाळला. "माफ करा. चष्म्याच्या दुकानात काम करतो, सवय लागलीय. मी आलोय ते पत्रक छापायला. आमच्या चर्चसाठी."

कागदावर वर लिहिलं होतं – 'पहिल्यांदाच येताय?' खाली चार ओळी. उपासना रविवारी साडेनऊला असते, सर्वांचं मनःपूर्वक स्वागत आहे, वगैरे वगैरे.

"मी दारात उभा राहून गीतपुस्तकं वाटतो," तो सांगत होता. "दर रविवारी एखादं माणूस पायरीपर्यंत येतं, आत डोकावतं आणि परत फिरतं. मी हाक मारेपर्यंत गेटबाहेर. त्यांच्यासाठी आहे हे."

"पण यात काहीच नाही," माझ्या तोंडून निघून गेलं.

"काहीच नाही म्हणजे?"

"म्हणजे... घाबरलेल्या माणसाला जे हवं असतं, ते यात नाही. बसायचं कुठे? मधेच उठून जाता येतं का, आणि दार कुठल्या बाजूला? सगळे उभे राहिले आणि आपण बसलेलोच असलो तर? गाणं येत नसेल तर नुसते ओठ हलवायचे का?"

मी एवढं बोलले याचं मलाच आश्चर्य वाटलं. त्यानं मात्र खिशातून पेन काढलं आणि कागद उलटा केला.

"हळू सांगा. ओठ हलवायचे का... हं, पुढे?"

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं होतं. साखरपुड्याला दोन्ही घरची माणसं बोलावली होती, हॉलमध्ये दीडशे खुर्च्या मांडल्या होत्या. मला समोर उभं केलं होतं, नवी साडी नेसवून. मुलाचे वडील माईक हातात घेऊन उभे राहिले. मला वाटलं, कौतुकाचे दोन शब्द बोलतील. ते म्हणाले, आमच्या मुलाला हे लग्न करायचं नाही, आपण जेवून जावं. दीडशे माना माझ्याकडे वळल्या. बसायचं की उभंच राहायचं, हे मला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी कितीतरी वेळ तशीच उभी राहिले.

तेव्हापासून ओळीनं मांडलेल्या खुर्च्या दिसल्या की मी दारातूनच मागे फिरते. सिनेमा नाही, सभा नाही, मामेबहिणीच्या लग्नालाही गेले नाही. आई म्हणते, काळ जाऊ दे. दोन वर्षं गेली, आणि भीती कमी व्हायच्या ऐवजी घरातल्या माणसासारखी राहायलाच आली.

एका पत्रकासाठी चष्मेवाला तीन आठवड्यांत चार वेळा आला. "एवढ्यात लोक पुस्तक छापून नेतात," मालक म्हणाले, पण मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दर वेळी मी नवी भीती काढायची आणि त्यानं उत्तर लिहून आणायचं. शेवटचे दोन बाक सहसा रिकामे असतात. डावीकडचं दार बाहेर उघडतं. गाणं येत नसेल तर पुस्तक नुसतं धरा, आमच्यातले निम्मे तेच करतात. उपासनेत भाकर आणि द्राक्षरस वाटतात, ते घेतलं नाही तर कुणाला वाईट वाटत नाही. मधे सगळे शेजाऱ्याशी हात मिळवतात, नको असेल तर मान हलवली तरी पुरतं.

"उपदेश वीस मिनिटं," मी प्रूफ वाचत म्हटलं. "खरंच वीस?"

"पस्तीस."

"मग पस्तीस लिहा."

"पस्तीस वाचून कोण येईल?"

"जो येईल तो शेवटपर्यंत बसेल."

तो हसला. हसताना त्याची नजर खाली जायची आणि मग हळूच वर यायची... मी ती येण्याची वाट बघायला लागले होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

एक प्रश्न मात्र मी तीनदा विचारला. "नवीन माणसाला उभं करतात का? सगळ्यांसमोर?"

पहिल्यांदा तो घाईनं "नाही" म्हणाला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्यानं प्रूफच्या तळाशी लिहिलं – 'नवीन माणसाला कुणी उभं करणार नाही.'

"हे ठळक करा," तो म्हणाला. मी ठळक केलं, शिवाय आपल्या मनानं अक्षरही एक घर मोठं घेतलं.

पत्रकं न्यायला आला तेव्हा गठ्ठा उचलायचं सोडून तो तसाच रेंगाळला. "यातलं खरं-खोटं तपासायला कुणीतरी नवीन माणूस हवं होतं. आमच्याकडे सगळे जुनेच."

"काउंटरच्या बाईंना न्या."

"त्यांचा चष्मा सरळ आहे."

आणि त्यानं हात पुढे केला. मी चष्मा काढून दिला. खिशातल्या बारक्या पेचकसानं त्यानं काडी आवळली. तेवढा वेळ तो मला धूसर दिसत होता आणि तरीही मी त्याच्याकडेच बघत होते. मग त्यानंच चष्मा माझ्या नाकावर ठेवला, दोन्ही हातांनी, जपून. त्याची बोटं कानामागे क्षणभर थांबली... की मलाच तसं वाटलं? माझं मन गेलं त्याच्यावर, दुसरं काय. आणि त्याचीही भीतीच वाटली.

घरी वहिनीनं विचारलं, "आज वेगळीच दिसतेस."

"चष्मा दुरुस्त केला."

"आणि दुरुस्त करणारा कसा आहे?" वहिनी माझ्या दादासारखी भोळी नाही.

रविवारी सकाळी मी तीनदा पदर लावला आणि दोनदा नाही जायचं असं ठरवलं. बाहेर बारीक पाऊस होता. चर्चच्या पायऱ्यांवर पाय ठेवला तेव्हा आतून पेटीचे सूर येत होते, आणि ओळीनं बाक दिसत होते, एकामागे एक, आणि त्यांवर पाठमोरी डोकी. मी मोजली नाहीत. तो दारातच होता, इस्त्रीचा सदरा, हातात पुस्तकांचा ढीग.

"आलात," तो म्हणाला.

"अजून नाही. पायरीवर आहे."

"मग पायरीवरच पुस्तक देतो." पुस्तक घेताना त्याची बोटं लागली. बर्फासारखी गार होती. मला आपलं वाटलं, पावसामुळे असतील.

शेवटचा बाक रिकामा होता. लिहिलं होतं तसाच. लाकडाला नव्या पॉलिशचा वास, दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग. दार लागलं आणि चष्मेवाला माझ्या शेजारी येऊन बसला – मधे एक पुस्तक मावेल एवढी जागा सोडून. सगळे उभे राहिले, मी राहिले. बसले, मी बसले. गाणं आलं तेव्हा मी पुस्तक नुसतं धरलं, आणि पुढच्या बाकावरचे एक आजोबाही खरंच नुसतं धरून उभे होते. एक एक ओळ खरी निघत होती. हळूहळू माझे खांदे खाली आले. मला वाटलं, जमतंय की आपल्याला.

मग पाळक पुढे आले. पांढऱ्या केसांचे, प्रेमळ चेहऱ्याचे. त्यांनी हसत सगळीकडे पाहिलं आणि त्यांची नजर शेवटच्या बाकावर येऊन थांबली.

"एवढ्या पावसातही आज एक नवा चेहरा दिसतोय. पाहुण्यांनी जरा उभं राहावं, म्हणजे सगळ्यांना स्वागत करता येईल."

माना वळायला लागल्या. आधी पुढच्या बाकावरच्या, मग त्यापुढच्या. माझे कान बंद झाले. मला तोच हॉल दिसायला लागला, तोच माईक, त्याच खुर्च्या. मनात एकच – लिहिलं होतं, ठळक अक्षरात लिहिलं होतं, मीच जुळवलं होतं.

आणि शेजारी बाक करकरला. चष्मेवाला उभा राहिला होता.

"तू?" पाळक गोंधळले. "तू कसला नवीन? तुझा बाप्तिस्मा मीच केलाय."

"हो. पण सात वर्षं दारात उभा राहून पुस्तकं वाटतोय मी. आत बसलो तो आज." त्याचा आवाज चिरकला. "म्हणजे... शेजारी बसावंसं वाटेल असं माणूस आजच आलं."

हशा पिकला. चांगला होता हशा, प्रेमाचा होता, आता सांगू शकते. पण त्याच्याकडे वळलेले सगळे डोळे पुढच्याच क्षणी माझ्यावर आले, कारण शेजारी मीच होते. तिसऱ्या बाकावरून एक बाई पूर्ण मागे वळल्या. नाक अगदी त्याचंच. त्याची आई.

मी उठले आणि डावीकडच्या दारानं बाहेर पडले.

तो पायऱ्यांवर आला तेव्हा मी गीतपुस्तक छातीशी धरून भिजत उभी होते. पळतानाही पुस्तक परत करायचं सुचलं नव्हतं.

"तुम्ही लिहून दिलं होतंत," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"हो."

"मी तीनदा विचारलं होतं."

"पहिल्यांदा खोटं बोललो." तो खालच्या पायरीवर बसला. "आमच्याकडे उभं करतात. कायमच करतात. पण खरं सांगितलं तर तुम्ही यायच्या नाहीत, असं वाटलं. मग बोललेलं खरं करायला तीन आठवडे पाळकांच्या मागे लागलो. कालच कबूल झाले. आणि आज तुम्हाला पाहून विसरले... चाळीस वर्षांची सवय. तुम्हाला वाचवायला उभा राहिलो आणि भलतंच बोलून गेलो. मला फार भीती वाटली हो."

"तुम्हाला कसली भीती?"

"तुम्ही निघून जाल याची." त्यानं हात पुढे धरला. बोटं अजून गारच होती. चष्म्यांचे बारके स्क्रू लावणारा हात.

मग मी त्याला हॉलबद्दल सांगितलं. सगळं, जेवणाच्या वाक्यासकट. शेवटी तो म्हणाला, "घरी सोडू का तुम्हाला? उपासना राहू दे."

गेट दहा पावलांवर होतं. गेले असते तर आई काही बोलली नसती, वहिनीनं चहा दिला असता, सोमवारी मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून डबा खाल्ला असता. आणि हा माणूस पुन्हा छापखान्यात आला असता तर मी काउंटरच्या बाईंनाच पुढे केलं असतं, हे मला आतून पक्कं ठाऊक होतं. त्या वेळी मला आतल्या बाकांपेक्षा त्या गेटची जास्त भीती वाटली.

"उपदेश किती उरलाय?"

"तीस मिनिटं तरी."

"आत जाताना दार वाजतं?"

"फार वाजतं," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

दार वाजलं. पाळक क्षणभर थांबले आणि पुन्हा बोलू लागले. आमच्या बाकावर आता उशिरा आलेलं एक कुटुंब लेकराबाळांसह पसरलं होतं. दुसरीकडे कुठेच जागा नव्हती. जागा होती ती तिसऱ्या बाकावर, त्याच्या आईशेजारी. तो थबकला, माझ्याकडे पाहिलं. मी मधल्या वाटेनं चालायला लागले. डोळ्यांच्या कडेला दोन्हीकडचे चेहरे दिसत होते, आणि ती वाट काही केल्या संपेना. मी तरीही चालत राहिले.

आईंनी आपली पिशवी मांडीवर घेतली. "ये, बस," त्या कुजबुजल्या. "भिजलीस किती." मी बसले. तो माझ्या दुसऱ्या बाजूला, यावेळी मधे काहीही न सोडता. त्यानं माझा हात धरला, उघडपणे, बाकावर, कुणालाही दिसेल असा.

"अजून भीती वाटतेय," मी अगदी हळू म्हटलं.

"मलाही."

"तरी सांगते... तुम्ही मला आवडता. फार आवडता."

त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी पलीकडून, समोरची नजर न हलवता, त्याची आई म्हणाली, "दोघांचंही ऐकू येतंय मला. आधी उपदेश होऊ दे."

मी खाली मान घातली. हात मात्र सोडवून घेतला नाही.