पंचाची होडी

इंग्लंडमधल्या डीलच्या किनाऱ्यावरून पोहत निघायचं, भर समुद्रातला गुडविनचा वाळूचा दांडा ओलांडायचा आणि पलीकडे धोक्याची खूण म्हणून नांगरलेल्या दिव्याच्या जहाजाला हात लावायचा! आजवर कुणालाही न जमलेलं हे काम आपण करणारच, असं ॲम्ब्रोज लार्किनने पोहण्याच्या साऱ्या क्लबसमोर छातीठोकपणे सांगितलं होतं. थेम्समधलं हौशी पोहणाऱ्यांचं अजिंक्यपद त्याने कधीच खिशात घातलं होतं. आता एवढी एकच हौस राहिली होती.

सोबतच्या होडीत दोघंच. वल्ह्यांवर म्हातारा ओबेड हॉगबेन आणि मागे पंच म्हणून बसलेला मेव्हणा सेप्टिमस. त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं, पण नियम सगळे तोंडपाठ.

अर्ध्या वाटेत धुकं उतरलं. जहाजावरची घंटा तेवढी ऐकू येत होती.

"ओहोटी लागलीय, साहेब," ओबेड म्हणाला. "दांड्याला वळसा घालू या."

"मुळीच नाही. पंचाची होडी पोहणाऱ्याच्या शेजारीच हवी."

"वाळूला कुठे ठाऊक आहे, तुम्ही पंच आहात ते?" ओबेड पुटपुटला, पण वल्हवत राहिला.

ॲम्ब्रोज उथळ पाण्यातून पार झाला. पोटाला वाळू घासली, एवढंच. आणि मागे धाडकन आवाज झाला. होडी रुतली होती! लाटा तिच्या कुशीवर आदळत होत्या. ओबेड डब्याने पाणी उपसत होता, पण त्याच्या दुप्पट आत येत होतं.

इतक्यात समोरचं धुकं फाटलं. लाल जहाज अगदी हाकेच्या अंतरावर! पण तिथून मदत येईपर्यंत होडीच्या फळ्या उरल्या नसत्या. ॲम्ब्रोजने जहाजाकडे डोळे भरून पाहिलं. मग तो उलटा फिरला.

वाळूवर पाय टेकले. पाणी गुडघ्याएवढं.

"होडीला हात लावू नकोस!" सेप्टिमस ओरडला. "बाद होशील!"

"गप्प बस आणि वल्हं घे."

लाट आली. ढकल! होडी ढिम्म. दुसरी आली. ढकल! तळ करकरला, नाक वळलं आणि होडी खोल पाण्यात सुटली! काठाला लोंबकळणाऱ्या ॲम्ब्रोजला दोघांनी आत ओढलं.

तिघेही जिवंत होते. ॲम्ब्रोजला इतकं हलकं वाटलं की तो उगाचच हसत सुटला.

"जरासंच राहिलं होतं रे," सेप्टिमस म्हणाला. "माझ्यामुळे गेलं."

"तू बुडाला असतास, तर मी पोहलो याची साक्ष कुणी दिली असती?"

सेप्टिमसने खरंच विचार केला. "नियमाप्रमाणे कुणीच नाही," तो म्हणाला आणि ॲम्ब्रोजच्या ओल्या खांद्यावर डोकं टेकून रडू लागला.