सतरा नंबरचं वजन

मार्चअखेरच्या एका बुधवारी सकाळी आठ वाजता विनोदिनीबाईंनी शाळेच्या दाराची कडी काढली. कपाट सताड उघडं होतं, घाव घातलेलं कुलूप जमिनीवर पडलं होतं आणि आतल्या दोन जाडजूड वह्या गायब होत्या.

निपाणीच्या तंबाखू वखारींत राबणाऱ्या बायांच्या पोरांसाठी ती दोन खोल्यांची शाळा. वह्यांत ऐंशी पोरांची वजनं, उंची आणि स्मरणशक्तीचे मार्क होते. बेळगावचे डॉ. उपेंद्र मणगुत्तीकर वर्षभर संशोधन करत होते. निम्म्या पोरांना रोज दूध आणि शेंगदाण्याचा लाडू, निम्म्यांना काही नाही. महिन्यातून एकदा बारा शब्द वाचून दाखवायचे आणि किती ध्यानात राहिले ते लिहायचं. खाण्याने डोकं सुधारतं का, एवढंच पाहायचं होतं.

बाईंनी साडेआठला बेळगावला तार केली आणि चौकी गाठली. फौजदार परशराम देसूरकर पंचनाम्याला बसतो न बसतो तोच, सव्वानऊला, डॉक्टरांची मोटार दारात उभी राहिली. काळी, लख्ख, आरशासारखी.

परशराम देसूरच्या शेतकऱ्याचा मुलगा, शिक्षण मॅट्रिक. डॉक्टरांनी ते त्याच्या बुटांवरूनच ओळखलं असावं. त्यांनी खुर्ची झटकली, मग बसले.

"काम कोणाचं ते उघड आहे. दूध तापवणारी रुक्माबाई. शाळेतली तिची चूल पाहा."

चुलीत वहीचा पुठ्ठा सापडला. गार राखेवर पडलेला, कडा तेवढ्या करपलेल्या.

"तिला राग कशाचा?"

"तिचा नातू शामू. माझ्या यादीत सतरा नंबर. मंदबुद्धी आहे. मी तसं लिहिल्याचं तिच्या कानावर गेलं असणार. हे लोक असेच, फौजदार. कळत नाही ते जाळून टाकायचं."

"म्हणजे तुमचं वर्ष फुकट गेलं."

"छे! तक्ते तयार आहेत." डॉक्टरांनी चामडी बॅगेवर थाप मारली. "शनिवारी बेळगावच्या कॅम्पातल्या सभेत निबंध वाचणार आहे. पुण्याचे प्रोफेसर अध्यक्ष आहेत. त्यांना मूळ वह्या पाहायच्या होत्या, तेवढं आता राहिलं."

"निबंधात काय निघालं?"

"दुधाने अंग भरतं, डोकं नाही. या वर्गाची पोरं जन्मतःच थांबलेली असतात. त्यांना नवव्या वर्षी वखारीत धाडावं, शाळा बंद करावी, अशी माझी शिफारस आहे."

खिडकीबाहेर विनोदिनीबाई पोरांना सांभाळत होत्या. अंगणात पोरं उन्हात उभी होती, आज शाळा भरणार का म्हणून.

"वजनं कोण करायचं?" परशरामने विचारलं.

"मी. स्वतः. महिन्याच्या पहिल्या सोमवारी, एकेका मुलाचं. या महिन्यापर्यंत एकही चुकवलेलं नाही. शास्त्रात दुसऱ्याच्या हातावर विसंबून चालत नाही."

"तक्त्याची प्रत मिळेल?"

"इंग्रजीत आहे."

"अक्षरं लावून बघतो."

डॉक्टर हसले आणि भिकाऱ्याला चिल्लर टाकावी तशी प्रत टेबलावर टाकली.

फिर्याद लेखी होती, पुठ्ठा समोर होता. रुक्माबाईला चौकीत आणून बसवलं. साठीची बाई. पदर डोक्यावर, हात गुडघ्यांत.

"आक्का, वह्या तू जाळल्यास?"

"न्हाय. दोन दिस सुट्टी हुती. चूल पेटवलीच न्हाय म्या."

"नातवाला मंद लिवलं म्हणून तुला राग आला, असं सांगत्यात."

म्हातारीने मान वर केली. "कुणी लिवलं? माझा शामू माघात गेला की, सायेब. तापानं. आता त्याला येडा म्हणा न्हायतर शाना म्हणा, मी कुणासंगं भांडू?"

परशरामची लेखणी थांबली. त्याने डॉक्टरांच्या तक्त्याची प्रत पुढे ओढली.

मग त्याने विनोदिनीबाईंना बोलावलं. "कपाटाच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे, एक डॉक्टरांकडे."

"वह्या तुम्ही कधी पाहिल्यात?"

"परवानगी नव्हती. पण वर्गात दिसतंच ना! दूध पिणारी पोरं हल्ली पाढे धडाधड म्हणतात. डॉक्टरांना सांगायला गेले, तर म्हणाले, 'बाई, तुम्ही शिकवा. विचार आम्ही करू.'"

परशरामने कुलूप हातात घेऊन उलटंपालटं केलं. घाव सगळे पाठीवर. दांडा सरळ, आतला खटका शाबूत. त्याने हवालदार यल्लाप्पाला नगरपालिकेत धाडलं आणि स्वतः परगावचे साहेब उतरतात त्या मुसाफिरी बंगल्यावर गेला. तिथल्या भरमू पहारेकऱ्याशी बोलला, न्हाणीघरातला बंब उपसला आणि खालची राख रुमालात बांधून आणली.

शनिवारी कॅम्पातला हॉल भरला होता. कडक कॉलर, सोनेरी चष्मे, दबक्या आवाजातलं इंग्रजी. डॉक्टर निबंध वाचत होते आणि माना डोलत होत्या. वखारीतल्या पोरांना अक्कल नसते, हे ऐकून त्या हॉलमध्ये कोणालाच वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. वाचन संपलं तसा परशराम मागून पुढे आला.

"एक शंका आहे."

"ही विद्वानांची सभा आहे, फौजदार."

"म्हणूनच आलो. सतरा नंबरचं मार्चमधलं वजन किती?"

डॉक्टरांनी कंटाळून पान उलटलं. "एक्केचाळीस पौंड. फेब्रुवारीपेक्षा एक पौंड जास्त."

"तुम्ही स्वतः तोललंत?"

"शंभरदा सांगितलं. स्वतः."

"मग काटा घेऊन मसणवटीत गेला असाल. शामू एकतीस जानेवारीला वारला. नगरपालिकेच्या नोंदीचा हा उतारा."

हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. अध्यक्षांनी चष्मा काढला.

"कारकुनाची चूक असेल," डॉक्टर म्हणाले.

"असेल. पण दुसऱ्याच्या हातावर तुम्ही विसंबत नाही ना? बरं, बुधवारी तार साडेआठला गेली. सव्वानऊला तुम्ही निपाणीत. पंचेचाळीस मैल, मध्ये वंटमुरीचा घाट, आणि मोटारीवर धुळीचा कण नाही. तुम्ही बेळगावहून आलाच नव्हता. मंगळवारीच मुसाफिरी बंगल्यात उतरला होता. भरमू सांगतो, साहेबांनी बंब आपल्या हाताने पेटवला, पाणी उकळलं, तरी आंघोळ केली नाही."

"मूर्खपणा! कपाट फोडलं होतं."

"फोडलेल्या कुलपाचा दांडा वाकतो नाहीतर खटका तुटतो. हे किल्लीने उघडून मग दगडाने ठोकलंय. किल्ल्या दोनच, एक तुमच्याकडे, एक बाईंकडे, म्हणून बाईंवरही संशय घेता आला असता. पण आदल्या दिवशी गुपचूप येऊन बंब पेटवणारे तुम्ही, बाई नव्हेत. चुलीत दोन वह्यांची राख हवी होती. मिळाला नुसता पुठ्ठा. राख बंबात होती."

त्याने रुमाल उलगडला. अर्धवट जळलेलं एक पान अध्यक्षांपुढे ठेवलं.

"हस्ताक्षर डॉक्टरांचं आहे. जानेवारीपर्यंत आकडे, पुढचे दोन्ही रकाने कोरे. जानेवारीनंतर हे शाळेत फिरकलेच नाहीत, बाईही तेच सांगतात. का, ते त्याच पानावर आहे. दूध पिणारी पोरं बारापैकी नऊ-नऊ, दहा-दहा शब्द सांगत होती. दूध नसलेली चारावरच होती. पोरं शहाणी व्हायला लागली आणि डॉक्टरांचा सिद्धांत उताणा पडला. मग यांनी घरी बसून आकडे रचले. तुम्ही मूळ वह्या मागितल्यात, तेव्हा त्या जाळाव्या लागल्या. आळ घालायला म्हातारी सापडली. तिचा नातू जिवंत आहे की नाही, एवढंही या माणसाने विचारलं नव्हतं."

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण ओठ अजून वाकडेच होते. "चाळीस पोरांनी काय सिद्ध होतं? माझी वीस वर्षं आहेत या विषयात! एक मॅट्रिक झालेला पोलीस मला शास्त्र शिकवणार?"

"न्हाय," परशराम म्हणाला. रागाने त्याच्या तोंडी गावची बोली आली होती. "खोटी फिर्याद आणि खोटा पुरावा, एवढंच मला कळतंय. चला."

अध्यक्षांनी निबंध बाजूला सारला. शिफारस बारगळली, शाळा वाचली. मघाशी डोलणाऱ्या माना आता आपापल्या बुटांकडे पाहत होत्या. डॉक्टरांना दारापर्यंत पोचवायला एकही जण उठला नाही. ते बाहेर पडले नाहीत तोच पुढच्या वक्त्याने घसा साफ केला.

रविवारी सकाळी परशराम निपाणीला परतला आणि रुक्माबाईसमोर उभा राहिला. चोर सावध होऊ नये म्हणून त्याने तिला चार दिवस अडकवून ठेवलं होतं. जेवण त्याच्या घरून जात होतं. पण त्याने लाज कमी होत नव्हती.

"आक्का, चुकलं माझं. घरी जा. खरा चोर सापडला."

सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, "माझ्या मेलेल्या पोराला तोललं म्हनं त्यानं?"

"व्हय."

ती उठली, पदर झटकला. दारात जाऊन थांबली.

"कोठडीत त्याला खायाला काय देतासा?"

"दोन भाकरी आन् आमटी."

"पोटभर द्या," रुक्माबाई म्हणाली. "खाऊन डोस्क्यात काय उजेड पडतोय का बघा."